हत्तीन: तहान आणि तह

जुनीवही

क्रूसेडचा, म्हणजे जेरुसलेमसाठी झालेल्या ख्रिस्ती धर्मयुद्धांचा, विषय निघाला की चर्चा दोनच वाटांनी जाते. एक वाट म्हणजे दोन धर्म दोनशे वर्षं एकमेकांच्या उरावर बसले होते. दुसरी म्हणजे धर्म नुसता देखावा, आत सगळा पैशाचा खेळ. मला दोन्ही पटत नाहीत, आणि का पटत नाहीत हे दाखवायला ११८७ सालासारखं दुसरं साल नाही. त्या जुलैत गॅलिलीतल्या हत्तीनला जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्याचं सैन्य संपलं, ऑक्टोबरात राजधानीही गेली. लढाईची वर्णनं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतात. मला तिच्याआधी मोडलेल्या तहाबद्दल लिहायचं आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. १०९५ च्या नोव्हेंबरात पोप दुसरा अर्बन याने फ्रान्समधल्या क्लेर्माँला आवाहन केलं, आणि १५ जुलै १०९९ ला जेरुसलेम पडलं. गंमत म्हणजे ज्या तुर्कांविरुद्ध ही मंडळी निघाली, त्यांच्याकडे तेव्हा जेरुसलेम नव्हतंच. आदल्याच वर्षी इजिप्तच्या फातिमी खिलाफतीने ते तुर्कांकडून हिसकावलं होतं. शिया फातिमी आणि सुन्नी सेल्जुक तुर्क यांची आपापसात जुंपलेली, म्हणून तर युरोपातून उपाशीतापाशी आलेल्या फौजेला वाट मिळाली. शहर जिंकल्यावर बहुतेक जण नवस फेडल्यासारखे घरी परतले. मागे उरले ते मूठभर. समुद्रकाठची चिंचोळी पट्टी, खेड्यांतली रयत मुसलमान किंवा पूर्वेकडच्या पंथांची ख्रिस्ती, आणि राज्यभरातून गोळा केले तरी बाराशेच्या आसपास सरदार घोडेस्वार.

असलं राज्य ८८ वर्षं टिकलं ते किल्ल्यांवर, इटलीच्या जहाजांवर आणि तहांवर. पाऊस कमी पडला, तह. घरात भाऊबंदकी पेटली, तह. दोन-चार वर्षांची मुदत, शपथा, मग काफिले सुरू. इस्लामी कायद्यातही मुदतबंद तहाला जागा होती, त्यामुळे सुलतानाला धर्म आड येत नसे. दमास्कसवाले तर ११४० च्या सुमारास मोसूल-अलेप्पोचा तुर्क अमीर झंगी याच्या धास्तीने जेरुसलेमचे उघड दोस्त होते. आणि ११४८ मध्ये युरोपातून दुसरं क्रूसेड आलं, त्याने वेढा घातला तो नेमका त्याच दमास्कसला. चार-पाच दिवसांत गाशा गुंडाळून परत.

आता सलाहुद्दीन. तिक्रितला जन्मलेला कुर्द, ११६९ पासून इजिप्तचा वजीर, ११७१ मध्ये फातिमी खिलाफत त्यानेच गुंडाळली. ११७४ ते ११८६ या बारा वर्षांतल्या त्याच्या मोहिमा काढून पाहा: दमास्कस, अलेप्पो, मोसूल. म्हणजे बहुतेक काळ तो मुसलमान अमिरांशीच लढत होता. ख्रिस्त्यांशी अधूनमधून चकमकी आणि तह. ११८५ मध्ये दुष्काळ पडला तेव्हा त्रिपोलीचा काउंट रेमंड जेरुसलेमचा कारभार बघत होता. त्याने चार वर्षांचा तह केला आणि सलाहुद्दीननेही तो खुशीने केला.

हा तह मोडला रेनॉल्ड द शातिलाँने. फ्रान्समधून नशीब काढायला आलेला. पंधरा-सोळा वर्षं अलेप्पोच्या कैदेत काढलेली. सुटल्यावर मृत समुद्राच्या पूर्वेला केरकचा किल्ला लग्नातून मिळाला, आणि कैरो-दमास्कसचा रस्ता त्या किल्ल्याच्या खालूनच जातो. ११८२-८३ मध्ये याने तांबड्या समुद्रात गलबतं घालून हज यात्रेकरूंनाही लुटलं होतं. ११८६ संपून ११८७ उजाडताना त्याने तह चालू असताना कैरोहून येणारा मोठा काफिला मारला. सलाहुद्दीनने रीतसर भरपाई मागितली. राजा गी द लुझिन्याँने रेनॉल्डला परत कर म्हणून सांगितलं. इतिवृत्तात त्याचं उत्तर आहे: तू तुझ्या मुलखाचा धनी, मी माझ्या, आणि माझा कोणाशी तह झालेला नाही.

गी त्याला काही करू शकला नाही, कारण गीला गादीवर बसवण्यात रेनॉल्डचाच हात होता. तिकडे रेमंड, गी राजा झाला म्हणून रुसून, गॅलिलीच्या सरोवरकाठी तिबेरियसला बसलेला. त्याने तर सलाहुद्दीनशी स्वतंत्र तह केला होता, आणि त्या तहापायी सुलतानाच्या टोळीला आपल्या मुलखातून जाऊ दिलं. १ मे ११८७ ला क्रेसनच्या झऱ्यापाशी टेम्प्लर आणि हॉस्पिटलर या लढवय्या संन्याशांच्या संघांचे लोक त्या टोळीवर तुटून पडले आणि कापले गेले. लाज वाटून रेमंड राजाकडे परतला.

२ जुलैला सलाहुद्दीनने तिबेरियसला वेढा घातला. किल्ल्यात कोण, तर रेमंडचीच बायको एशिवा. सगळं ख्रिस्ती सैन्य सफ्फूरियाच्या झऱ्यांवर जमलेलं. पाणी मुबलक, जागा भक्कम. रेमंड म्हणाला, माझं शहर आहे, माझी बायको आत आहे, तरी सांगतो, इथून हलू नका. ते पटलंही. रात्री टेम्प्लरांचा प्रमुख जेरार द रिदफोर एकटा राजाच्या तंबूत गेला आणि पहाटे कूच करण्याचा हुकूम निघाला. जेरारच्या डोक्यात आणखी एक भीती असणार. इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीने थॉमस बेकेटच्या खुनाचं प्रायश्चित्त म्हणून जेरुसलेमला पैसा पाठवून टेम्प्लरांकडे ठेवला होता, आणि जेरारने त्यातून भाडोत्री सैन्य उभं केलं होतं. पैसा खर्चून बसून राहिलो तर हेन्रीला काय सांगायचं!

तिबेरियस तिथून पंचवीस-तीस किलोमीटर. जुलैचं ऊन, अंगावर साखळ्यांचं चिलखत, मागून-बाजूने तिरंदाजांचा सतत जाच. ३ तारखेला सूर्य मावळला तेव्हा सैन्य मस्कानाच्या पठारावर अडकलेलं, पाण्याविना. समोर खाली गॅलिलीचं सरोवर, मध्ये सलाहुद्दीन. त्याच्याकडे उंटांवरून पखाली येत होत्या. सकाळी वाळल्या गवताला आग लावली गेली, धूर ख्रिस्ती सैन्याच्या तोंडावर. पायदळ डोंगराच्या दोन शिंगांकडे पळालं आणि खाली यायला तयार होईना. रेमंड आपल्या स्वारांनिशी शत्रूची फळी फोडून निसटला. सलाहुद्दीनचा मुलगा अल-अफ्दल याची आठवण इब्न अल-अथीर या इतिहासकाराने नोंदवली आहे. गीच्या स्वारांचा हल्ला परतवला की हा पोरगा ओरडे, जिंकलो! बाप म्हणे, गप्प बस, राजाचा तो तंबू पडेपर्यंत जिंकलो नाही. मग तंबू पडला आणि सलाहुद्दीन घोड्यावरून उतरून जमिनीवर डोकं टेकून रडला.

पुढचा प्रसंग प्रसिद्ध आहे. गीला थंड पाण्याचा पेला दिला, त्याने पिऊन रेनॉल्डच्या हाती दिला. सलाहुद्दीन लगेच म्हणाला, याला पाणी मी दिलेलं नाही. पाणी पाजलेल्या कैद्याला मारायचं नाही, ही रीत. रेनॉल्डचं मुंडकं तिथेच उडालं. गी राजा होता, त्याला पुढे सोडून दिलं. एकाच तंबूत दोन शत्रू, दोघेही ख्रिस्ती, पण हिशेब वेगळे. रेनॉल्डचा गुन्हा लढण्याचा नव्हता, शब्द मोडण्याचा होता.

अर्धाकप

जबरदस्त. वाचतोय.

एक शंका. बालियनचं काय? तो जेरुसलेम लढवतो ते सिनेमात दाखवतात, खरं किती?

जुनीवही

@अर्धाकप, खरं आहे, आणि सिनेमापेक्षा मजेशीर आहे. इबेलिनचा बालियन हत्तीनहून निसटून टायरला पोचला. बायको-मुलं जेरुसलेमला. त्याने सलाहुद्दीनकडेच परवाना मागितला: जातो, कुटुंब घेतो, एक रात्र राहून परततो, तुमच्याविरुद्ध शस्त्र धरत नाही. परवाना मिळाला. शहरात गेल्यावर लोकांनी त्याला सोडलं नाही. मग याने सलाहुद्दीनला निरोप पाठवला की शपथ पाळता येत नाही. सुलतानाने शपथेतून मोकळं केलं आणि वर त्याच्या बायकोला स्वतःच्या शिबंदीच्या संरक्षणात त्रिपोलीकडे रवाना केलं. त्यानंतर दोघं एकमेकांशी लढले!

शेवटी बालियनने धमकी दिली की मुसलमान कैदी मारून टाकू, खडकावरचा घुमट (डोम ऑफ द रॉक) आणि अक्सा मशीद पाडू, मग या शहरात. त्यावर सौदा ठरला. पुरुषामागे १० दिनार, बाईमागे ५, मुलामागे एक-दोन. गरिबांपैकी ७,००० जणांसाठी ३०,००० एकरकमी. २ ऑक्टोबर ११८७ ला दरवाजे उघडले.

कडकचहा

लेख ओघवता आहे, पण एक तक्रार आहे. अशा लिखाणाने सगळं फार सभ्य वाटायला लागतं. पाण्याचा पेला काय, परवाना काय, बायकोला पोचवणं काय. त्याच हत्तीनला लढाईनंतर सुमारे दोनशे टेम्प्लर-हॉस्पिटलर कैद्यांची मुंडकी उडवली, ती तुम्ही गाळलीत. आणि ती उडवायला मौलवी-सूफींना पुढे बोलावलं होतं. जेरुसलेमला ज्यांना १० दिनार जमले नाहीत, ते हजारोंनी गुलाम म्हणून विकले गेले. पेट्रिआर्क, म्हणजे तिथला मुख्य ख्रिस्ती धर्माधिकारी, हेराक्लियस मात्र स्वतःचे दहा दिनार भरून चर्चची चांदी-सोनं लादून बाहेर पडला.

मागे गेलात तर १०९६ मध्ये ऱ्हाईन नदीकाठी स्पायर, वर्म्स, माइन्झ इथल्या ज्यूंची कत्तल, म्हणजे पॅलेस्टाइन दिसायच्या आधीच सुरुवात. १०९९ ला जेरुसलेममध्ये काय झालं ते ख्रिस्ती लेखकांनीच अभिमानाने लिहून ठेवलंय. पुढे २० ऑगस्ट ११९१ ला सिंहहृदयी म्हणवणाऱ्या इंग्लंडच्या राजा रिचर्डने अक्का बंदराबाहेर सुमारे २,७०० कैदी शहरासमोरच मारले. १२६८ ला इजिप्तचा सुलतान बैबर्स याने अँटिओकमध्ये तेच केलं. तह होते म्हणता, पण या माणसांना चालवत होता तो धर्मच. पैशासाठी कोणी फ्रान्सहून जेरुसलेमपर्यंत चालत जात नाही.

जुनीवही

@कडकचहा, शेवटच्या वाक्याला माझा पूर्ण दुजोरा. नॉर्मंडीच्या रॉबर्टने चांदीच्या १०,००० मार्कांवर अख्खी डची (ड्यूकचं राज्य) भावाकडे गहाण टाकली. गॉडफ्रेने बुयाँचा किल्ला लिएजच्या बिशपला दिला. फायद्यासाठी निघालेला माणूस असा व्यवहार करत नाही. पापक्षालनाचं आश्वासन त्यांनी मनापासून खरं मानलं होतं.

पण तह म्हणजे प्रेम, असं मी कुठे म्हटलं? माणसं कमी, दाणा कमी, घोडे महाग, म्हणून तह. तीन वर्षं नुसती पिकं घ्यायला मिळाली तर किल्ल्याची भिंत दुरुस्त होते. श्रद्धा आणि तह एकाच माणसात नांदत होते. टेम्प्लर संन्यासी योद्धे होते, तरी तेच तहाच्या वाटाघाटींना दुभाषे आणि वकील पुरवत. ज्या दोनशे जणांना मारलं, त्यांना मारायचं कारणही तेच: खंडणी घेऊन सोडले तरी उद्या पुन्हा उभे राहणारे हे एकमेव लोक, असा सुलतानाचा हिशेब. क्रौर्य आहेच. आंधळं क्रौर्य मात्र नाही.

हिशेबनीस

पैशाचा विषय निघालाच आहे, तर थोडी भर घालतो.

जेरुसलेम गेल्याच्या धक्क्याने ११८८ मध्ये इंग्लंड-फ्रान्समध्ये 'सलाहुद्दीन दशांश' लागला. उत्पन्न आणि जंगम मालमत्तेचा दहावा हिस्सा. पण जो स्वतः क्रूसेडवर निघेल त्याला माफी! साहजिकच माफीच्या बाजूला बरीच गर्दी झाली. रिचर्डने राजा झाल्यावर पदं विकली, किल्ले विकले, गिऱ्हाईक मिळालं तर लंडनही विकेन असं तो म्हणाल्याची नोंद आहे.

खरा धडा मात्र चौथ्या क्रूसेडचा. १२०१ मध्ये फ्रेंच सरदारांच्या वकिलांनी व्हेनिसशी करार केला. ३३,५०० माणसं आणि ४,५०० घोडे नेण्याइतकी जहाजं, सोबत अन्न, किंमत ८५,००० मार्क. व्हेनिसने आपला व्यापार थांबवून जहाजं बांधली, म्हणजे शहराने सगळं पणाला लावलं. १२०२ मध्ये प्रत्यक्ष आली साधारण तिसरा हिस्सा माणसं. कारण करारात कुठेही असं नव्हतं की प्रत्येकाने व्हेनिसहूनच निघावं. बरेच जण परस्पर मार्सेलहून गेले. ३४,००० मार्क कमी पडले.

पुढचं सगळं त्या तुटीतून आलं. व्हेनिसचा दोजे (प्रमुख), म्हातारा, आंधळा एन्रिको दांदोलो म्हणाला, हप्ता पुढे ढकलू, आधी एड्रियाटिक समुद्रकाठचं झारा शहर घेऊन द्या. झारा ख्रिस्ती, कॅथलिक, आणि तिचा धनी हंगेरीचा राजा, ज्याने स्वतः क्रूसेडची शपथ घेतलेली. पोप तिसऱ्या इनोसंटने बहिष्कार घातला. मग कॉन्स्टँटिनोपलच्या बायझंटाइन साम्राज्याचा एक राजपुत्र आला: मला गादीवर बसवा, २ लाख मार्क देतो. बसवलं. पैसे आले नाहीत. एप्रिल १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल लुटलं. तिथले चार ब्राँझचे घोडे व्हेनिसला सेंट मार्क चर्चवर गेले, आज मूळ घोडे आत आहेत आणि बाहेर प्रतिकृती. इजिप्तवर जायचं म्हणून निघालेली ती फौज, तिच्यातल्या बहुतेकांचा मुसलमान सैन्याशी सामनाच झाला नाही.

लोक याला व्हेनिसचं कारस्थान म्हणतात. मला ते माणसांचा फुगवलेला अंदाज धरून केलेलं कंत्राट दिसतं. कारस्थान करणारा आपलं अख्खं आरमार उधारीवर बांधत नाही.

कडकचहा

@हिशेबनीस, इथे मान्य. पण मग चौथं क्रूसेड या धाग्यात अवांतरच झालं ना, ख्रिस्ती विरुद्ध ख्रिस्ती!

हिशेबनीस

अवांतर कसलं? ज्या युद्धाने पूर्वेकडचं सर्वांत मोठं ख्रिस्ती राज्य मोडलं ते क्रूसेडच होतं. १४५३ ला तुर्क आले तेव्हा कॉन्स्टँटिनोपलात जीव किती उरला होता ते बघा.

सांजवात

लढायांपेक्षा मला मधल्या दिवसांत रस आहे. उसामा इब्न मुंकिध म्हणून सीरियातल्या शैझरच्या अमीर घराण्यातला एक सरदार होता. जन्म १०९५, म्हणजे क्लेर्माँच्याच सालचा, आणि मृत्यू ११८८. आख्खं आयुष्य फ्रँकांच्या शेजारात. (तिकडे युरोपातल्या सगळ्यांनाच फ्रँक म्हणत, तिथूनच आपले फिरंगी आले.) म्हातारपणी त्याने आठवणी सांगितल्या. अक्सा मशीद टेम्प्लरांच्या ताब्यात असताना ते याला बाजूच्या छोट्या मशिदीत नमाजाला जागा करून देत. एकदा नवाच आलेला एक फ्रँक त्याला धरून पूर्वेकडे तोंड वळवायला लागला, असं कर नमाज म्हणून. टेम्प्लरांनी त्याला ओढून बाजूला नेलं आणि उसामाची माफी मागितली: नवीन आहे, अजून माणसं पाहिली नाहीत त्याने. उसामाचं निरीक्षण असं की नवे आलेले फ्रँक जुन्यांपेक्षा फार अडाणी.

फ्रँक वैद्यांच्या कुऱ्हाडीने पाय तोडण्याच्या गोष्टीही त्याच्याच. त्या सगळीकडे फिरतात. पण त्याच माणसाने फ्रँकांचे गुण आलेले दोन उपचारही नोंदवलेत, ते कोणी सांगत नाही.

दुसरा इब्न जुबैर. अंदलुसियाचा यात्रेकरू, ११८४ मध्ये दमास्कसहून अक्क्याला आला. सलाहुद्दीन आणि फ्रँक लढतायत आणि काफिले बिनधास्त ये-जा करतायत, याचं त्याला आश्चर्य वाटलं. तिबनीनजवळची मुसलमान खेडी त्याने पाहिली. निम्मं पीक आणि डोईमागे एक दिनार पाच कीरात द्यायचे, बाकी घरदार त्यांचंच. आणि मग तो चिडून लिहितो की मुसलमान अमिरांच्या मुलखातली रयत यांचा हेवा करते, हा किती मोठा फितना (श्रद्धेची कसोटी पाहणारं संकट). याच वाक्यामुळे त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. त्याला हे लिहायचं नव्हतं. अक्का शहर मात्र त्याला बिलकुल आवडलं नाही. डुकरं आणि घाण, असा शेरा आहे.

बॅकबेंचर

गेममधले ते 'अ‍ॅसॅसिन' खरे होते का? की नुसती दंतकथा?

डोंगरीकर

@बॅकबेंचर, खरे होते, पण गेममधले नाहीत. ते निझारी इस्माइली. १०९४ मध्ये फातिमी खलिफा अल-मुस्तन्सिर वारला तेव्हा वारसावरून फूट पडली. मोठा मुलगा निझार याच्या बाजूचे इराणात अलमूतच्या किल्ल्याला आणि नंतर सीरियाच्या डोंगरांत गेले. भोवती सुन्नी सत्ता आणि ख्रिस्ती सत्ता दोन्ही, स्वतःकडे फौज नाही, म्हणून निवडक माणूस टिपायचा. सलाहुद्दीनवर ११७५ आणि ११७६ मध्ये हल्ले झाले. त्याने त्यांच्या मस्याफच्या किल्ल्याला वेढा घातला आणि अचानक उठवला. पुढे एकमेकांच्या वाटेला गेले नाहीत. जेरुसलेमचा राजा व्हायच्या बेतात असलेल्या माँफेराच्या कॉनराडला २८ एप्रिल ११९२ ला यांनीच मारलं, सुपारी कोणाची यावर आजही वाद. शिवाय हे टेम्प्लरांना वार्षिक खंडणीही देत! गांजा पिऊन खून करत वगैरे शत्रूंनी पसरवलेल्या गोष्टी.

आता आपल्या गावचं. निझाऱ्यांचे इमाम पहिले आगाखान इराणातून निघून १८४० च्या दशकात मुंबईत आले. खोजांवर त्यांचा हक्क आहे का, याचा निकाल १८६६ मध्ये मुंबई हायकोर्टात लागला. माझगावला हसनाबादमध्ये त्यांची कबर आहे. आणि त्या १०९४ च्या भांडणातल्या दुसऱ्या मुलाच्या, मुस्तअलीच्या बाजूचा वारसा सांगणारे म्हणजे आपले बोहरी. कैरोत झालेल्या वाटणीचे दोन्ही हिस्से आज डोंगरी-भेंडी बाजारात हाकेच्या अंतरावर राहतात.

संपादक

चर्चा चांगली चालली आहे. सध्याच्या पश्चिम आशियाच्या राजकारणावरचे दोन प्रतिसाद काढले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढावा.

सांजवात

तहांबद्दल लिहिताना फ्रेडरिक राहिला की!

जुनीवही

@सांजवात, मुद्दाम मागे ठेवला होता, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा कस तिथे लागतो.

दुसरा फ्रेडरिक, पवित्र रोमन सम्राट, सिसिलीत वाढलेला, अरबी जाणणारा. क्रूसेडला निघायला उशीर केला म्हणून पोप नवव्या ग्रेगरीने त्याला बहिष्कृत केलं, आणि बहिष्कृत असतानाच तो १२२८ मध्ये निघाला म्हणून पोप आणखी भडकला. समोर सलाहुद्दीनचा पुतण्या अल-कामिल, इजिप्तचा सुलतान. याचं खरं वैर दमास्कसच्या भावाशी, त्यासाठीच त्याने फ्रेडरिकशी बोलणी लावली होती. फ्रेडरिक पोचेपर्यंत भाऊ मेलेला, म्हणजे गरजच संपलेली. तरी सुलतानाचा वकील फखरुद्दीन याच्या येरझाऱ्या चालू राहिल्या आणि फेब्रुवारी १२२९ मध्ये दहा वर्षांचा तह झाला. जेरुसलेम, बेथलेहेम, नाझरेथ ख्रिस्त्यांना. हरमचं आवार, घुमट आणि अक्सा, मुसलमानांकडेच. एक लढाई नाही. तिसऱ्या क्रूसेडला जे दोन वर्षं रक्त सांडून मिळालं नव्हतं, ते पत्रांवर मिळालं.

आनंद कोणाला झाला? कोणालाच नाही! दमास्कसला सिब्त इब्न अल-जौझीने मशिदीत शोकाचं प्रवचन केलं, लोक रडले. ख्रिस्ती पेट्रिआर्कने तर परत मिळालेल्या जेरुसलेमवरच धार्मिक बंदी घातली. १८ मार्चला फ्रेडरिकने पवित्र कबरीच्या चर्चमध्ये मुकुट स्वतःच डोक्यावर ठेवला, कारण ठेवायला कोणी बिशप तयार नव्हता. १ मेला अक्क्याहून गुपचूप निघताना खाटीक आळीतल्या लोकांनी त्याच्यावर आतडी-कोथळे फेकले.

कडकचहा

आणि तो तह किती टिकला तेही लिहा. १२३९ ला मुदत संपली, १२४४ मध्ये मध्य आशियातून आलेल्या ख्वारझमी टोळ्यांनी जेरुसलेम धुऊन काढलं. तट नसलेलं शहर कागदावर मिळवून ते राखणार कसं? टीका करणारे अगदीच मूर्ख नव्हते.

जुनीवही

तट नसणं हा त्या तहाचा खरा कच्चा दुवा, बरोबर. पण १२४४ चंच पुढचं पान उलटा. ऑक्टोबरात गाझाजवळ हरबिय्याची लढाई झाली. एका बाजूला अक्क्याचे ख्रिस्ती, त्यांच्यासोबत दमास्कस आणि होम्सच्या मुसलमान फौजा. दुसऱ्या बाजूला इजिप्त आणि ख्वारझमी. हत्तीननंतरचा ख्रिस्त्यांचा सर्वांत मोठा पराभव तो, आणि तो मुसलमान दोस्तांच्या खांद्याला खांदा लावून झालेला. १२६० मध्ये मंगोलांवर चालून निघालेल्या ममलूकांना (गुलाम शिपायांतून वर आलेले इजिप्तचे नवे सत्ताधीश) अक्केकरांनी आपल्या मुलखातून वाट दिली, ऐन-जालूतला मंगोल हरले, आणि त्याच ममलूकांनी १८ मे १२९१ ला अक्का घेतलं. त्यालाही निमित्त तह मोडल्याचंच. इटलीहून आलेल्या नव्या, बेशिस्त शिपायांनी अक्क्याच्या बाजारात मुसलमान व्यापाऱ्यांना मारलं. उसामाचे 'नवे फ्रँक' पुन्हा!

रेवदंडेकर

ममलूकांचं नाव निघालं म्हणून लिहितोय, नाहीतर मी नुसता वाचक.

ज्या ममलूक सल्तनतीने अक्का घेतलं, तिचंच आरमार २१७ वर्षांनी आमच्या दारात लढलं. मार्च १५०८, चौल, कुंडलिकेची खाडी. सुएझला बांधलेली जहाजं घेऊन अमीर हुसेन आला, तोही योगायोगाने कुर्द. दीवचा मलिक अयाझ आपल्या हलक्या गलबतांनिशी त्याला मिळाला. समोर पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा. त्याचं जहाज खाडीतल्या मासेमारीच्या खुंटांमध्ये अडकलं आणि तो तोफेच्या गोळ्याने मेला. चौल तेव्हा निझामशाहीत.

पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवरचा लाल क्रूस 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट'चा. टेम्प्लर संघ १३१२ मध्ये बरखास्त झाल्यावर पोर्तुगालच्या राजा दिनिशने त्यांच्या मालमत्तेतून १३१९ मध्ये हा संघ उभा केला. म्हणजे टेम्प्लरांचे वारस आणि सलाहुद्दीनच्या गादीचे वारस रेवदंड्याला भिडले, असं म्हटलं तर फार ताणल्यासारखं होणार नाही. पण बाजू बघा. ममलूकांमागे कालिकतचा राजा, म्हणजे झामोरिन, जो हिंदू. मिरीचा व्यापार बुडतोय म्हणून व्हेनिसचं हितही ममलूकांच्याच बाजूला. आणि पोर्तुगीजांचा दोस्त कोण, तर कोचीनचा राजा, तोही हिंदू.

मुलाचा सूड घ्यायला फ्रान्सिस्को द आल्मेदा निघाला, त्याने डिसेंबर १५०८ अखेर दाभोळ जाळलं, माणसं-बायका-पोरं सगळी कापली. दाभोळ आदिलशाहीचं, चौलच्या लढाईशी त्याचा संबंध नव्हता. फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवला ममलूक आरमार बुडालं.

कडकचहा

दाभोळचं माहीत नव्हतं. बघा, शेवटी माझाच मुद्दा.

रेवदंडेकर

अर्धाच. मलिक अयाझने चौलला धरलेले पोर्तुगीज कैदी अमीर हुसेनच्या हाती दिले नव्हते. खाऊपिऊ घालून स्वतःकडे ठेवले, आणि दीवची लढाई हरल्याबरोबर चांगले कपडे घालून आल्मेदाला परत केले. दीव त्याच्याकडेच राहिलं.